जावातून पायथॉनमध्ये रूपांतरित आज्ञावलींचे परीक्षण

जावातून पायथॉनमध्ये रूपांतरित आज्ञावलींचे परीक्षण म्हणजे जावा ही संगणकभाषा आधी शिकलेल्या नवोदिताने पायथॉनमध्ये उतरवलेला कोड जाणकाराने वाचणे, त्यातील दोष दाखवणे आणि तो पायथॉनच्या प्रकृतीला अनुरूप करण्यास साहाय्य करणे होय. पायथॉनच्या प्रकृतीला धरून लिहिलेल्या कोडला या क्षेत्रात ‘पायथॉनिक’ असे विशेषण लावतात. दोन्ही भाषांत चल, लूप, क्लास, ऑब्जेक्ट आणि अपवाद या संकल्पना असल्यामुळे जावातील आज्ञावली ओळीस ओळ लावून पायथॉनमध्ये लिहिता येते व ती बहुधा चालतेही. तथापि काही ठिकाणी सारख्या दिसणाऱ्या ओळींचा अर्थ दोन भाषांत वेगळा होतो. परीक्षणातील महत्त्वाचे काम अशी ठिकाणे हुडकण्याचे असते. शैलीचा प्रश्न त्यानंतर येतो.

पार्श्वभूमी

पायथॉनची पहिली आवृत्ती गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केली. जावा ही जेम्स गॉस्लिंग यांच्या पुढाकाराने सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत विकसित झाली आणि १९९५ साली लोकांसमोर आली. जावात चलाचा प्रकार बहुधा आधी घोषित करावा लागतो आणि संकलक तो तपासतो. पायथॉनमध्ये नाव हे केवळ ऑब्जेक्टला लावलेले लेबल असते आणि बहुतेक तपासण्या आज्ञावली चालू असताना होतात. जावाच्या अनेक सवयी संकलकाच्या गरजेतून जन्मल्या आहेत. ती गरज नाहीशी झाली तरी शिकणाऱ्याच्या हातातील सवय सुटत नाही.

शिक्षणक्रमांमुळे असे रूपांतर वारंवार घडते. अमेरिकेतील ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट परीक्षेच्या संगणकशास्त्र विषयात २००३-०४ या शैक्षणिक वर्षापासून जावा आहे, तर तेथील अनेक विद्यापीठांचा प्रवेशस्तरीय अभ्यासक्रम पायथॉनमध्ये शिकवला जातो. भारतातही महाराष्ट्रासह सर्वत्र आयसीएसई शाळांतील संगणक विषयात जावा आहे आणि सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात पायथॉन आहे. एका मंडळातून दुसऱ्या मंडळात किंवा शाळेतून महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी जुन्या वहीतील जावाच्या आज्ञावली पायथॉनमध्ये लिहून पाहतो आणि त्या कोणाकडून तरी तपासून घेतो.

या विषयावरील आरंभीच्या लेखनात फिलिप एबी यांच्या २००४ सालच्या लेखाचा उल्लेख नेहमी होतो. पायथॉन ही जावा नव्हे, हेच त्याचे शीर्षक आणि प्रतिपादन होते. त्याच वर्षी टिम पीटर्स यांची पायथॉनच्या रचनातत्त्वांविषयीची सूत्रे ‘पेप २०’ या क्रमांकाने अधिकृत प्रस्तावमालिकेत दाखल झाली. लेखनशैलीचे नियम सांगणारा ‘पेप ८’ २००१ सालचा आहे.

स्वरूप

मराठीत ‘माझी मदत कर’ हे वाक्य कोणालाही कळते, परंतु ‘मला मदत कर’ असे बोलणाऱ्याला त्यात हिंदीचा सांगाडा लगेच जाणवतो. जावा शैलीतील पायथॉन अनुभवी वाचकाला तसाच जाणवतो. त्याची नेहमीची उदाहरणे पुढीलप्रमाणे आहेत. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांची नावे देवनागरीत देता येतात. राखीव शब्द मात्र रोमनच असतात. येथे तेही उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत.

    फॉर आय इन रेंज(लेन(गुण)):
        प्रिंट(गुण[आय])

जावातील मोजणीच्या लूपचे हे शब्दशः रूप आहे. पायथॉनमध्ये यादीतील घटकांवरूनच थेट फिरता येत असल्याने निर्देशांकाची गरज नसते:

    फॉर ग इन गुण:
        प्रिंट(ग)

क्रमांकही हवा असेल तर ‘एन्युमरेट’, दोन याद्या जोडीने वाचायच्या असतील तर ‘झिप’ वापरतात. प्रत्येक फंक्शनभोवती विनाकारण क्लास उभारणे, एका फाइलीत एकच क्लास ठेवणे, ओळीच्या शेवटी अर्धविराम देणे, अटीभोवती कंस घालणे आणि नावांत उंटाच्या पाठीसारखी मधली अक्षरे मोठी लिहिणे ही आणखी काही चिन्हे होत. ही दिसायला ठळक, पण परिणामाने किरकोळ असतात.

अर्थ बदलणारी साम्ये

खरा धोका चूक न दाखवता वेगळे उत्तर देणाऱ्या ओळींत असतो. त्यांतील सर्वांत फसवी ओळ क्लासच्या आरंभी आढळते. जावात क्लासच्या अंगात ‘गुण’ या नावाची रिकामी यादी घोषित केली, तर प्रत्येक नव्या ऑब्जेक्टला स्वतःची स्वतंत्र यादी मिळते. नवोदित तेच पायथॉनमध्ये असे लिहितो:

    क्लास विद्यार्थी:
        गुण = []

        डेफ गुण_जोडा(सेल्फ, ग):
            सेल्फ.गुण.अपेंड(ग)

पायथॉनमध्ये क्लासच्या अंगात लिहिलेले मूल्य क्लासचे असते आणि सर्व ऑब्जेक्टांमध्ये सामाईक राहते. त्यामुळे पहिल्या विद्यार्थ्याला दिलेले गुण दुसऱ्याच्या यादीतही दिसू लागतात. एकच विद्यार्थी निर्माण करून चाचणी घेतली तर काहीही बिघडलेले दिसत नाही. गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट अशी की, यादीऐवजी ‘संख्या = ०’ असे लिहून पुढे ‘सेल्फ.संख्या += १’ केले, तर आज्ञावली अपेक्षेप्रमाणेच चालते. तेथे क्लासचे मूल्य वाचून नवे मूल्य त्या ऑब्जेक्टवर लिहिले जाते. यादी मात्र जागच्या जागी बदलते. संख्येच्या अनुभवावरून ही पद्धत बरोबर आहे, अशी शिकणाऱ्याची समजूत होते. अशी यादी ‘इनिट’ या आरंभक पद्धतीत ‘सेल्फ’ला जोडणे हा यावरील उपाय होय.

याच जातीचा दोष मूलनिर्धारित आर्ग्युमेंटांत उद्भवतो. जावात एकाच नावाच्या अनेक पद्धती वेगवेगळ्या आर्ग्युमेंटांनी लिहिता येतात. पायथॉनमध्ये तसे केल्यास नंतरची व्याख्या आधीची पुसून टाकते आणि त्याबद्दल पायथॉन स्वतःहून सूचना देत नाही. दोन आरंभक लिहिणाऱ्याचा पहिला आरंभक नाहीसा होतो. हे लक्षात आल्यावर नवोदित एकच फंक्शन ठेवून आर्ग्युमेंटाला रिकामी यादी हे मूलमूल्य देतो. ती यादी फंक्शनची व्याख्या होताना एकदाच तयार होते व प्रत्येक बोलावण्यात तीच वापरली जाते. रूढ उपाय म्हणजे मूलमूल्य ‘नन’ ठेवून आत नवी यादी करणे. वस्तू निर्माण करण्याच्या खरोखरच वेगळ्या रीती असतील, तर निराळ्या नावाच्या क्लासमेथड लिहितात. पायथॉनचा ‘डेटटाइम’ हा क्लास स्वतः ‘फ्रॉमटाइमस्टँप’ या पद्धतीतून तेच करतो.

वाढ दर्शवणाऱ्या दुहेरी अधिक चिन्हाचे प्रकरण लहान असले तरी बोधक आहे. चलानंतर हे चिन्ह लिहिल्यास पायथॉन वाक्यरचनेची चूक दाखवतो. चलाआधी लिहिल्यास मात्र त्याचा अर्थ ‘धन, धन’ असा घेतला जातो, मूल्य बदलत नाही आणि ‘व्हाइल’ लूप कधीच थांबत नाही. तसेच जावाच्या ‘फॉर’ लूपच्या अंगात मोजणीचे चल वाढवले, तर पुढची फेरी गाळली जाते. पायथॉनमध्ये ‘रेंज’ पुढील मूल्य स्वतः देत असल्याने त्या वाढीचा काहीच परिणाम होत नाही.

संख्या आणि निर्देशांक

जावातील ‘इंट’ ३२ बिटांचा असतो व त्याची कमाल मर्यादा २१४७४८३६४७ आहे. त्यापुढे गेल्यास मूल्य ऋण बाजूला वळते. पायथॉनच्या पूर्णांकाला अशी मर्यादा नाही. या फरकाचे एक प्रसिद्ध उदाहरण द्विभाजन शोधाचे आहे. जावाच्या मानक लायब्ररीत खालची आणि वरची सीमा मिळवून निमपट करण्याची पद्धत होती. यादी फार मोठी असल्यास ती बेरीज मर्यादेपलीकडे जाई. हा दोष सुमारे ९ वर्षे लक्षात आला नव्हता, असे त्या कोडचे लेखक जोशुआ ब्लॉक यांनी २००६ साली जाहीर केले. दुरुस्ती म्हणून खालच्या सीमेत फरकाची निमपट मिळवण्याची रीत रूढ झाली.

हीच आज्ञावली पायथॉनमध्ये आणली की चित्र पालटते. बेरीज मर्यादेबाहेर जाण्याचा प्रश्न उरत नाही. त्याऐवजी एका तिरप्या रेषेचा भागाकार तिसऱ्या आवृत्तीत दशांशी संख्या देत असल्याने ती निर्देशांक म्हणून चालत नाही आणि आज्ञावली थांबते. हा दोष निदान उघड असतो. दुहेरी तिरप्या रेषेने तो सुटतो. तथापि जावातील भागाकार शून्याच्या दिशेने कापतो, तर पायथॉनची दुहेरी रेषा खालच्या पूर्णांकाकडे जाते. −७ ला २ ने भागल्यास जावात −३ व पायथॉनमध्ये −४ मिळतात. −७ ला ३ ने भागून उरणारी बाकी जावात −१, तर पायथॉनमध्ये २ येते. यामुळे क्वचित फायदाही होतो. बाकी १ आली की संख्या विषम मानणारी नवोदितांची नेहमीची तपासणी जावात ऋण संख्यांवर फसते आणि पायथॉनमध्ये आपोआप बरोबर ठरते. परीक्षकाने येथे दुरुस्ती सुचवायची नसली, तरी कारण सांगणे उपयुक्त असते.

ऋण निर्देशांकाचा मामला अधिक गंभीर आहे. जावात −१ या निर्देशांकाने घटक मागितल्यास अपवाद उद्भवतो. पायथॉनमध्ये तो शेवटच्या घटकाचा वैध पत्ता आहे. अक्षरमालेत शोध घेणारी ‘फाइंड’ पद्धत जावाच्या ‘इंडेक्सऑफ’प्रमाणेच न सापडल्यास −१ देते. ते उत्तर न तपासता निर्देशांक म्हणून वापरले, तर जावातील आज्ञावली कोसळली असती. पायथॉनमधील आज्ञावली शेवटचे अक्षर उचलून पुढे जाते. ‘इंडेक्स’ ही पद्धत वापरल्यास न सापडल्याचा अपवाद मिळतो. द्विभाजनासाठी तयार ‘बायसेक्ट’ मोड्यूल सुचवतानाही हीच काळजी घ्यावी लागते. जावाची मानक पद्धत घटक नसल्यास ऋण संख्या परत करते, तर ‘बायसेक्ट’ फक्त घटक घालण्याची जागा सांगते व ती कधीच ऋण नसते. बोलावणाऱ्या कोडमधील ‘शून्यापेक्षा कमी’ ही जुनी अट तशीच राहिली, तर नसलेला घटक सापडला असे समजले जाते.

काही आज्ञावली ३२ बिटांच्या वळणावरच मुद्दाम विसंबलेल्या असतात. जावाच्या अक्षरमालेचा हॅश प्रत्येक टप्प्यावर आधीच्या बेरजेला ३१ ने गुणून त्यात पुढील अक्षराचा संकेतांक मिळवून काढला जातो. पायथॉनमध्ये तेच सूत्र लिहिल्यास लांब शब्दांसाठी अवाढव्य व वेगळी संख्या येते. जुन्या नोंदींशी मेळ राखायचा असेल तर प्रत्येक पायरीवर ३२ बिटांचे बंधन स्वतः घालावे लागते. पायथॉनचे अंगभूत ‘हॅश’ येथे पर्याय ठरत नाही, कारण ३.३ या आवृत्तीपासून अक्षरमालांचे हॅश आज्ञावलीच्या प्रत्येक चालनात वेगळे असतात.

समानता

जावात अक्षरमालांची तुलना दुहेरी बरोबर चिन्हाने करू नये, ‘इक्वल्स’ वापरावे, हे पहिल्याच महिन्यात घोकून घेतले जाते. पायथॉनमध्ये तेच दुहेरी चिन्ह मूल्यांची तुलना करते आणि ओळख तपासण्यासाठी ‘इज’ हा शब्द आहे. जावातील धड्याची आठवण ठेवून चिन्ह टाळणारा विद्यार्थी नेमका ‘इज’कडे वळतो. सीपायथॉन −५ ते २५६ हे पूर्णांक एकदाच तयार करून पुन्हा वापरतो. म्हणून लहान संख्यांवर ‘इज’ अचूक वाटते आणि मोठ्या संख्यांवर दगा देऊ शकते. ३.८ पासून अशा थेट लिहिलेल्या मूल्यांशी ‘इज’ वापरल्यास पायथॉन इशारा देतो.

गेटर, सेटर आणि अपवाद

प्रत्येक गुणधर्मासाठी वाचण्याची व लिहिण्याची स्वतंत्र पद्धत ही जावाची ओळखखूण आहे. तेथे ती समंजस आहे, कारण उघडा ठेवलेला गुणधर्म पुढे पद्धतीत बदलायचा झाला तर त्याचा वापर करणारा सर्व कोड बदलावा लागतो. पायथॉनमध्ये साध्या गुणधर्माचे नंतर ‘प्रॉपर्टी’त रूपांतर करता येते आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून आधीपासून दोन-दोन पद्धती लिहून ठेवण्याचे कारण उरत नाही. केवळ माहिती साठवणाऱ्या क्लाससाठी ३.७ या आवृत्तीत, म्हणजे २०१८ साली, ‘डेटाक्लास’ आला. खाजगीपणासाठी पायथॉनमध्ये नावाआधी एक अधोरेषा लिहून संकेत देतात. दोन अधोरेषांनी नाव आतल्या आत बदलते, मात्र त्यामुळे जावासारखी बंदी होत नाही.

जावाकडून आलेला लेखक कृतीआधी अटी तपासतो: किल्ली आहे का, फाइल आहे का, पुढचा घटक आहे का. पायथॉनमध्ये कृती करून पाहणे आणि अपवाद आल्यास तो हाताळणे ही रीत अधिक प्रचलित आहे. फाइल आहे असे तपासल्यावर व ती उघडण्यापूर्वी ती पुसली जाऊ शकते, हे त्यामागचे एक ठोस कारण आहे. उलट, प्रकार न सांगता सगळेच अपवाद झेलणारा ‘एक्सेप्ट’ हा नवोदितांचा मोठा दोष मानला जातो, कारण तो वापरकर्त्याने आज्ञावली थांबवण्यासाठी दिलेला संकेतही गिळतो.

परीक्षणाची रीत

रेमंड हेटिंगर यांनी २०१५ साली माँट्रियल येथील पायकॉन परिषदेत दिलेले व्याख्यान या विषयात आदर्श मानले जाते. जावाच्या वळणाच्या लायब्ररीचा आधार घेऊन एका जाल-उपकरणाचा मार्ग-तक्ता वाचणारा छोटा कोड त्यांनी प्रेक्षकांपुढे ठेवला. प्रथम त्यांनी पेप ८ च्या नियमांनुसार ओळींची लांबी, मोकळ्या जागा आणि मांडणी सुधारून दाखवली. कोड नीटनेटका झाला, पण त्यातील गुंता तसाच राहिला. मग त्यांनी मूळ लायब्ररीभोवती एक पातळ आवरण लिहिले. त्यात जोडणी बंद करण्याचे काम ‘विथ’ या रचनेकडे, निर्देशांकाने मार्ग मागण्याचे काम थेट लूपकडे आणि गेटरचे काम प्रॉपर्टीकडे गेले. मुख्य आज्ञावली त्यामुळे मोजक्या ओळींची उरली. नियमांच्या यादीवर नजर खिळली की समोरची मोठी गोष्ट सुटते, हा त्या व्याख्यानाचा रोख होता.

त्यानुसार परीक्षणाचा क्रम ठरतो. मूळ जावा आज्ञावली व रूपांतर यांना एकच आदाने देऊन उत्तरे ताडून पाहणे ही पहिली पायरी होय. रिकामी यादी, ऋण संख्या, न सापडणारा घटक आणि एकाच क्लासचे दोन ऑब्जेक्ट यांचा त्यात समावेश असावा, कारण वर दिलेले बहुतेक छुपे दोष या चार ठिकाणी उघडे पडतात. त्यानंतर हाताने लिहिलेल्या ज्या भागांसाठी मानक लायब्ररीत सोय आहे, ते भाग पाहतात. शब्द मोजण्यासाठी ‘काउंटर’ आणि अक्षरमाला जुळवण्यासाठी ‘जॉइन’ ही त्याची नित्याची उदाहरणे आहेत. क्लास हवेत की साधी फंक्शने पुरतील, हा प्रश्न मग येतो. मोकळ्या जागा व नावे यांसाठी ब्लॅक, रफ, पायलिंट यांसारखी साधने असल्याने परीक्षकाने त्यावर वेळ घालवू नये. पायलिंट मूलमूल्य म्हणून दिलेली यादीही पकडतो. साधन कारण समजावत बसत नाही. नवोदिताला ते परीक्षकाकडूनच कळावे लागते. तीस टिपा एकदम दिल्यास त्यांतील दोष कोणता व आवड कोणती हे त्याला ओळखता येत नाही, म्हणून चुकीचे उत्तर देणाऱ्या ओळी वेगळ्या दाखवणे इष्ट ठरते.

मर्यादा आणि मतभेद

जावासारखे दिसणारे सर्व काही त्याज्य नसते. यादीतील घटकांची अदलाबदल करणाऱ्या क्रमवारीत किंवा चौकटीच्या गणितात निर्देशांकाचा लूपच स्पष्ट असतो. एका ओळीत तीन लूप कोंबलेली यादीरचना पायथॉनिक म्हणून खपवली जाते, पण ती मूळ जावापेक्षा वाचायला अवघड असते. दोन्ही भाषा परस्परांकडे सरकल्याही आहेत. जावात २०१४ साली लॅम्डा आले, पायथॉनमध्ये ३.५ पासून प्रकारसूचना, ३.८ पासून प्रोटोकॉल आणि ३.१० पासून ‘मॅच’ ही रचना आहे. प्रकारसूचना लिहिणाऱ्या नवोदिताला पूर्वी जावाची सवय सोडण्याचा सल्ला मिळत असे. मोठ्या प्रकल्पांत आज त्या सूचनांचा आग्रहच धरला जातो.

मानक लायब्ररीतील जावा

पायथॉनच्या मानक लायब्ररीतही जावाची छाप आहे. चाचण्यांसाठीचे ‘युनिटटेस्ट’ मोड्यूल जेयुनिटवरून स्फुरलेले आहे, नोंदी ठेवणाऱ्या ‘लॉगिंग’वर जावातील लॉगफोरजेचा प्रभाव आहे आणि ‘थ्रेडिंग’ची रचना जावाच्या थ्रेडांवर सैलपणे बेतलेली आहे. त्यामुळे ‘सेटअप’, ‘असर्टइक्वल’, ‘गेटलॉगर’ ही नावे मधले अक्षर मोठे ठेवूनच लिहावी लागतात. थ्रेडिंगमध्ये २.६ या आवृत्तीत अधोरेषेची पर्यायी नावे आली आणि जुनी नावे ३.१० मध्ये कालबाह्य ठरवली गेली. ‘युनिटटेस्ट’मधील ‘असर्टइक्वल्स’सारखी काही जुनी उपनावे ३.१२ मध्ये काढून टाकण्यात आली; ‘सेटअप’ आणि ‘असर्टइक्वल’ मात्र कायम आहेत. पेप ८ देखील ज्या मोड्यूलात जुनी शैली आधीच रुळलेली आहे तेथे ती चालू ठेवण्यास मुभा देते, म्हणून चाचण्यांच्या फाइलीत अशी नावे दिसल्यास परीक्षक ती बदलायला सांगत नाहीत.